रॉकी माउंटन नॅशनल पार्क एका दिवसात: पहाटे तळी, दुपारच्या आत टंड्रा

कोलोरॅडोतल्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कला पहिल्यांदा जाणाऱ्यांचा दिवस बहुतेक वेळा उशिरा निघाल्यामुळे वाया जातो. नऊला आरामात नाश्ता, दहाला प्रवेशद्वारावरची रांग, अकराला बघावं तर सगळी पार्किंग भरलेली. मग दीड वाजता नेमकं सगळ्यात उंच जागी पोहोचायचं आणि डोक्यावर ढग गडगडायला लागायचे. इथला दिवस पहाटे सुरू करायचा आणि उघड्या माथ्यावरचं चालणं बाराच्या आत उरकायचं. पुढचं सगळं वेळापत्रक याच एका गोष्टीभोवती बांधलं आहे.

हे उद्यान २६ जानेवारी १९१५ रोजी कायद्याने स्थापन झालं. त्यासाठी निसर्गलेखक ईनॉस मिल्स यांनी अनेक वर्षं लेखणी आणि वाणी झिजवली होती. साधारण ४१५ चौरस मैलांच्या या भूभागातून ट्रेल रिज रोड नावाचा रस्ता जातो. पूर्वेकडचं एस्टेस पार्क आणि पश्चिमेकडचं ग्रँड लेक ही गावं तो जोडतो. लांबी ४८ मैल आणि सर्वोच्च बिंदू १२,१८३ फूट, म्हणजे ३,७१३ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे. त्याच्या दुपटीहून कितीतरी वर तुम्ही गाडीत बसून पोहोचता. मौज यात आहे आणि जोखीमही यातच आहे.

कधी जायचं

ट्रेल रिज रोड वर्षभर उघडा नसतो. साधारणपणे मे महिन्याच्या अखेरीस बर्फ उपसून तो खुला करतात आणि ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास पुन्हा बंद होतो. नवख्यांनी जूनअखेर ते सप्टेंबर हा काळ धरावा. जुलैमध्ये माथ्यावर फुलं असतात, सप्टेंबरच्या उत्तरार्धात अ‍ॅस्पेनची झाडं पिवळीधमक होतात. गर्दी दोन्ही वेळी असते. जमल्यास शनिवार-रविवार टाळा; मंगळवार-बुधवारचा फरक पार्किंगमध्ये लगेच जाणवतो.

परवाना आणि पास: या दोन वेगळ्या गोष्टी

इथे पुष्कळ जणांचा गोंधळ होतो. प्रवेशशुल्काचा पास वेगळा आणि ठरावीक वेळेत आत शिरण्याचं आरक्षण, म्हणजे टाइम्ड एंट्री, वेगळं. गर्दीच्या मोसमात दोन्ही लागतात.

गेली काही वर्षं मेअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हे आरक्षण लागू असतं आणि ते दोन प्रकारचं आहे. साध्या आरक्षणावर तळ्यांकडे जाणारा बेअर लेक रोड सोडून बाकी उद्यान पाहता येतं. ते सकाळी ९ ते दुपारी २ या वेळेत आत जाणाऱ्यांना लागतं. दुसऱ्या प्रकारात बेअर लेक रोडही येतो आणि त्या रस्त्यासाठी ते पहाटे ५ ते संध्याकाळी ६ पर्यंत लागतं. या लेखातल्या आखणीसाठी दुसरा प्रकार घ्या. आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर होतं, शुल्क २ डॉलर. तुम्हाला दोन तासांची खिडकी मिळते, तेवढ्या वेळात प्रवेशद्वार ओलांडायचं. एकदा आत गेलात की कितीही वेळ थांबा. पुढच्या महिन्याची आरक्षणं आदल्या महिन्याच्या १ तारखेला सकाळी ८ वाजता, माउंटन टाइमप्रमाणे (म्हणजे तिथल्या वेळेनुसार), खुली होतात. पहाटेच्या खिडक्या झटकन संपतात. त्या हुकल्या तरी निराश होऊ नका, काही आरक्षणं मुद्दाम राखून ठेवतात आणि ती आदल्या संध्याकाळी ७ वाजता मिळतात.

आरक्षण अजिबात मिळालं नाही तरी मार्ग आहे. सकाळी ९ च्या आधी फॉल रिव्हर प्रवेशद्वाराने आत शिरा आणि बेअर लेक सोडून बाकी दिवस याच क्रमाने घालवा.

एका गाडीचा एका दिवसाचा पास ३० डॉलर, सात दिवसांचा ३५. वर्षात अशी तीन-चार राष्ट्रीय उद्यानं पाहणार असाल तर ८० डॉलरचा वार्षिक पास घेतलेला बरा. मात्र २०२६ पासून अमेरिकेचे रहिवासी नसलेल्यांसाठी दर बदलले आहेत: त्यांच्यासाठी वार्षिक पास २५० डॉलर, आणि तो नसेल तर या उद्यानासह ११ गर्दीच्या उद्यानांत नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर जादा. भारतातून आई-बाबा आले असतील आणि त्यांना घेऊन जात असाल, तर निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर चालू नियम वाचा आणि सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा. प्रवेशद्वारावर रोख रक्कम घेत नाहीत, कार्ड लागतं.

उंची अंगावर येते, तिला वेळ द्या

डेन्व्हर ५,२८० फुटांवर, एस्टेस पार्क ७,५२२ फुटांवर आणि दुपारपर्यंत तुम्ही १२,००० फुटांवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. तंदुरुस्त माणसालाही चार पायऱ्या चढून धाप लागते. ती भीतीची गोष्ट नाही. डोकं ठणकणं, मळमळणं, गरगरणं, अन्नावरची वासना उडणं ही लक्षणं मात्र गंभीरपणे घ्या. त्यावर खात्रीचा उपाय एकच, खाली उतरणं. “थोडं पाणी पिऊन बघू, मग वर जाऊ” असं करू नका.

त्यासाठी आदली रात्र एस्टेस पार्कमध्ये काढा, असा माझा आग्रह आहे. समुद्रसपाटीवरच्या शहरातून विमानाने आलेल्यांनी तर शक्य असेल तर डेन्व्हरलाही एक रात्र राहावं. आदल्या दिवशी भरपूर पाणी प्या, मद्य टाळा, रात्री हलकं जेवा. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना आधी विचारावं. लहान मूल गप्प गप्प झालं, किरकिर करू लागलं, तर ते कंटाळलंय असं धरून चालू नका.

गाडी आणि पाठपिशवी

उद्यानात पेट्रोल पंप नाही. एस्टेस पार्कमध्ये टाकी पूर्ण भरा. विजेवरची गाडी असेल तर ती पूर्ण चार्ज करा. चढावर बॅटरी भराभर उतरते, उतारावर थोडी परत भरते. मोबाइलची रेंज बहुतेक ठिकाणी मिळत नाही, म्हणून नकाशा आणि आरक्षणाची प्रत फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा.

माणशी दोन-तीन लिटर पाणी घ्या. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी गाळल्या-उकळल्याशिवाय पिऊ नका. जिआर्डिया नावाच्या परजीवीमुळे आठवडाभर पोट बिघडू शकतं. कपडे एकावर एक चढवता-उतरवता येतील असे. खाली टी-शर्ट पुरत असेल तेव्हा माथ्यावर तापमान ११ ते १७ अंश सेल्सियसनी कमी असू शकतं, आणि वर झोंबरा वारा. सुती कपडा घामाने किंवा पावसाने भिजला की अंग गारठवतो, तेव्हा आतला थर तरी कृत्रिम धाग्याचा किंवा लोकरीचा असावा. पावसाचं जॅकेट आकाश निरभ्र असलं तरी न्याच. टोपी, गॉगल, सनस्क्रीन विसरू नका, कारण या उंचीवर ऊन जाणवत नसतानाही कातडी भाजते. बूट पकड असलेले हवेत. जूनच्या मध्यापर्यंत, कधी त्यानंतरही, तळ्यांच्या वाटेवर घट्ट झालेला बर्फ असतो. तेव्हा बुटाला लावायचे काटे, म्हणजे मायक्रोस्पाइक्स, एस्टेस पार्कमध्ये भाड्याने मिळतात.

पहाट: बेअर लेक ते एमराल्ड लेक

पाच-सव्वापाचला बीव्हर मेडोज प्रवेशद्वारातून आत या. थोड्याच अंतरावर डावीकडे बेअर लेक रोड फुटतो. सुमारे नऊ मैलांचा हा रस्ता मोरेन पार्क नावाच्या कुरणाच्या कडेने जातो. या कुरणाच्या दोन्ही बाजूंचे लांबट, झाडांनी भरलेले उंचवटे म्हणजे हिमयुगातल्या हिमनदीने वाहून आणलेल्या दगडमातीचे ढीग. त्यांनाच मोरेन म्हणतात. उजाडताना तिथे एल्क, म्हणजे इथली मोठी हरणं, चरताना दिसण्याची शक्यता चांगली असते.

रस्ता संपतो तिथे बेअर लेकचं पार्किंग. ते फार लवकर भरतं. भरलेलं आढळलं तर रस्त्याच्या कडेला गाडी लावू नका, मागे येऊन पार्क अँड राइडला लावा आणि उद्यानाच्या शटल बसने वर या.

पहिल्या खेपेला कोणती वाट धरायची, याबद्दल माझं मत पक्कं आहे: एमराल्ड लेक. जाऊन-येऊन सुमारे साडेतीन मैल, चढ साडेसहाशे-सातशे फुटांचा, आणि वाटेत तीन तळी. सुरुवात ९,४७५ फुटांवरच्या बेअर लेकपाशी. अर्ध्या मैलावर निंफ लेक, उन्हाळ्यात पृष्ठभागावर कमळवर्गातली पिवळी फुलं. तिथून चढ जरा वाढतो. एक मैलाच्या किंचित पुढे ड्रीम लेक लागतं. लांबट, अरुंद तळं आणि त्याच्या टोकाशी १२,७१३ फुटांचं हॅलेट शिखर. सूर्य पूर्वेकडून उगवतो आणि शिखराचा कडा तळ्याच्या पश्चिमेला, त्यामुळे पहिलं ऊन थेट कड्यावर पडतं. वारा सुटला नसेल तर तो सगळा तांबूस कडा पाण्यात उतरलेला दिसतो. इथे थांबा. पुढे जायची घाई करू नका. आठच्या पुढे वारा उठला की हे दृश्य मिळत नाही. पाऊण मैल आणखी चढलात की कड्यांच्या कुशीत एमराल्ड लेक, तिथे वाट संपते.

चालण्याची गती अशी ठेवा की शेजारच्याशी सलग बोलता यावं. बोलताना शब्द तुटायला लागले तर गती जास्त आहे. कुणाचे पाय ड्रीम लेकलाच दमले तर तिथूनच परता. वाटेचं खरं सौंदर्य तिथे पाहून झालेलं असतं. आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांच्यासाठी बेअर लेकची प्रदक्षिणा आहे, जेमतेम अर्ध्या-पाऊण मैलाची.

नऊ वाजता गाडीपाशी परत यायचं. या वेळेला चिकटून राहा.

ट्रेल रिज रोड

बेअर लेक रोडने मागे येऊन डीअर रिज जंक्शन गाठा. तिथून ट्रेल रिज रोडची चढण सुरू होते. १९३२ मध्ये हा रस्ता खुला झाला. बांधणाऱ्यांनी चढ कुठेही सात टक्क्यांपेक्षा जास्त ठेवला नाही, म्हणून चढण कठीण वाटत नाही. पण वरच्या भागात बऱ्याच ठिकाणी कठडे नाहीत आणि एका बाजूला खोल दरी आहे. ज्याला उंचीची भीती वाटते त्याने गाडी चालवू नये आणि शक्यतो डोंगराच्या बाजूला बसावं. वेगमर्यादा ताशी ३५ मैल किंवा त्याहून कमी. मागे गाड्या साचल्या तर कडेच्या जागेत थांबून त्यांना पुढे जाऊ द्या. दृश्य पाहायचं असेल तर गाडी थांबवूनच पाहा. वर इंजिन थोडं ढिलं पडल्यासारखं वाटेल, तेही विरळ हवेमुळेच.

थांबे खूप आहेत. सगळीकडे थांबलात तर दुपार उजाडेल. मेनी पार्क्स कर्व्हला पाच मिनिटं द्या, खालच्या कुरणांचा पसारा तिथून उलगडतो. रेनबो कर्व्हच्या पुढे झाडांकडे लक्ष ठेवा. ती बुटकी होत जातात, वाकतात, काहींच्या फांद्या फक्त एकाच बाजूला उरतात, कारण वाऱ्याच्या बाजूचे कोंब हिमकणांच्या माऱ्याने मरून जातात. साधारण ११,५०० फुटांवर झाडं संपतात. ही वृक्षरेषा. इथून पुढे तब्बल ११ मैल रस्ता झाडं नसलेल्या उघड्या माथ्यावरून, म्हणजे टंड्रातून, जातो.

या माथ्यावर रॉक कट नावाच्या थांब्याला गाडी लावा. साडेदहाच्या सुमारास तुम्ही इथे असायला हवं. इथली टंड्रा कम्युनिटीज ट्रेल ही पक्की बांधलेली वाट एका बाजूने सुमारे अर्धा मैल आहे. अंतर किरकोळ, पण १२,००० फुटांवर ती चाळीस-पन्नास मिनिटं खाते. खाऊ द्या.

वरवर पाहता तिथे खुरटं गवत आणि दगड एवढंच असतं. खाली वाकून बघितलं की दुसरं जग सुरू होतं. मॉस कँपियन ही उशीसारखी गुबगुबीत, जमिनीला चिकटलेली वनस्पती; तिच्यावर बारीक गुलाबी फुलं. निळीभोर फर्गेट-मी-नॉट. आणि ओल्ड-मॅन-ऑफ-द-माउंटन नावाचं केसाळ पानांचं मोठं पिवळं फूल, जे सहसा पूर्वेकडे तोंड करून असतं; ही वनस्पती वर्षानुवर्षं शक्ती साठवते, एकदाच फुलते आणि मरते. इथला वाढीचा काळ काही आठवड्यांचाच असतो. त्यामुळे पायाखाली तुडवलेला पट्टा भरून यायला दशकं लागतात, कधी शतकंही. म्हणून रॉक कटसारख्या गर्दीच्या थांब्यांवर वाट सोडून एकही पाऊल टाकायला मनाई आहे. फोटोसाठी “दोनच पावलं” आत जाणारे रोज शेकडो असतात, हे डोळ्यांसमोर आणा. मुलांना आधीच समजावून सांगा, ती हा नियम मोठ्यांपेक्षा नीट पाळतात.

दगडांच्या राशीतून चिर्रकन शिट्टीसारखा आवाज आला तर स्थिर उभे राहा. मुठीएवढा, गोल कानांचा पिका नावाचा प्राणी तोंडात गवताची जुडी घेऊन पळताना दिसेल. तो हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून उन्हाळाभर गवत सुकवून साठवतो. दगडावर पसरून ऊन खाणारा लठ्ठ प्राणी म्हणजे मार्मट. तो मात्र हिवाळा झोपून काढतो.

अल्पाइन व्हिजिटर सेंटर ११,७९६ फुटांवर आहे. स्वच्छतागृह, दुकान, खाण्याची सोय, रेंजरशी बोलायची संधी, सगळं एकत्र मिळतं. शेजारून एक छोटी पायऱ्यांची वाट १२,००५ फुटांवर जाते. दम उरला असेल आणि आभाळ मोकळं असेल तरच चढा.

वीज

या उद्यानात उन्हाळ्यात दुपारी वादळ होणं नेहमीचंच आहे. सकाळी नऊला निळंशार असलेलं आकाश बारा-एकला काळं होतं. वृक्षरेषेच्या वर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. ढग उभे, फुलकोबीसारखे वाढायला लागले की गडगडाटाची वाट न पाहता गाडीकडे वळा. काचा लावलेली, पत्र्याच्या छताची गाडी हा चांगला आसरा आहे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पायी असताना गाडी लांब असेल तर कडा, माथा, एकटं झाड आणि पाणी यांपासून दूर राहून खाली उतरा आणि घोळका न करता अंतर ठेवून चाला. अंगावरचे केस उभे राहिले तर वीज अगदी जवळ आहे.

पश्चिमेचा उतार

साडेबाराला व्हिजिटर सेंटर सोडा आणि पश्चिमेकडे उतरा. बहुतेक गाड्या इथूनच एस्टेस पार्ककडे मागे फिरतात, त्यामुळे पुढची बाजू तुलनेने शांत असते. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. ब्रेक तापतात आणि मग लागत नाहीत. ऑटोमॅटिक गाडी खालच्या गिअरला टाका (एल, किंवा काही हायब्रिड गाड्यांत बी), म्हणजे इंजिनच गाडीला आवरतं. जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबून ब्रेक निवू द्या.

मिलनर पास १०,७५० फुटांच्या जरा वर आहे आणि तिथून खंडाचा जलविभाजक, म्हणजे कॉन्टिनेन्टल डिव्हाइड, जातो. एका बाजूचं पाणी शेवटी अटलांटिकच्या बाजूला जातं, दुसऱ्या बाजूचं कोलोरॅडो नदीतून पॅसिफिकच्या दिशेला. खाली कावुनीची नावाच्या खोऱ्यात ती कोलोरॅडो नदी दिसते, अजून उडी मारून ओलांडता येईल एवढी लहान. इथे कायोटी व्हॅली ट्रेल ही सुमारे मैलभराची सपाट वाट नदीकाठाने जाते. सकाळच्या चढाने दमलेल्या पायांना ती फार बरी वाटते, आणि मूस, म्हणजे हरणांच्या कुळातला प्रचंड आकाराचा प्राणी, दिसण्याचा संभव इथेच सर्वाधिक. खोऱ्यात जळलेल्या झाडांचे पट्टे दिसतील. २०२० च्या ईस्ट ट्रबलसम वणव्याच्या त्या खुणा. त्या वणव्याने जलविभाजकही ओलांडला होता. जळक्या खोडांजवळ वारा असताना थांबू नका, ती अचानक कोसळतात.

प्राणी कितीही शांत दिसले तरी एल्क आणि बिगहॉर्न मेंढ्यांपासून किमान ७५ फूट, मूस आणि अस्वलापासून किमान १२० फूट अंतर ठेवा. पिलू सोबत असलेली मूस मादी सरळ अंगावर येते. खारींनाही काही खाऊ घालू नका; ते बेकायदा आहे. सप्टेंबरच्या मध्यापासून महिनाभर एल्क नरांचा माजाचा काळ असतो, संध्याकाळी त्यांची लांबलचक किंकाळी कुरणभर घुमते. ती ऐकायला लोक गाड्या थांबवून उभे असतात, तेव्हा त्या दिवसांत रस्त्यावर जास्त सावध राहा. कुत्र्याला कोणत्याही पायवाटेवर नेता येत नाही आणि ड्रोनला पूर्ण बंदी आहे.

परतीचे दोन मार्ग आहेत. ग्रँड लेकहून ग्रॅनबी, विंटर पार्क आणि ११,३०७ फुटांचा बर्थूड पास ओलांडून डेन्व्हरला जाता येतं, सुमारे शंभर मैल. रविवारी संध्याकाळी आय-७० या महामार्गावर डेन्व्हरकडे येणारी वाहतूक तुंबते, त्या दिवशी दीड-दोन तास जास्त धरा. मुक्काम एस्टेस पार्कलाच असेल तर ट्रेल रिज रोडनेच परत या, पण आधी वादळ ओसरू द्या आणि अंधाराच्या आत उतरा. तिन्हीसांजेला रस्त्यावर प्राणी येतात.

आदल्या रात्री हवा बिघडली तर वरचा रस्ता भर जुलैतही काही तास बंद ठेवतात. सकाळी निघण्याआधी ९७०-५८६-१२२२ या क्रमांकावर रस्त्याची ध्वनिमुद्रित माहिती ऐका. रस्ता बंद असेल तर दिवस बेअर लेकच्या बाजूलाच काढा: एमराल्ड लेकहून परतल्यावर शटलने ग्लेशियर गॉर्जला उतरा, तिथून पाऊण मैलावर अल्बर्टा फॉल्स आहे, आणि दुपारी मोरेन पार्कच्या कुरणाकाठी डबा उघडा. दुपारनंतर रस्ता उघडला आणि आभाळ मोकळं असलं, तर चारनंतर रॉक कटपर्यंत जाऊन येण्याएवढा उजेड उन्हाळ्यात नक्की असतो.